उकिरड्याचे भाडे कोण भरणार?



उकिरडा हा शब्द आपल्याकडे शिवी नाही. गोठ्यातले शेण, गुरांनी टाकलेले कडब्याचे बुडखे, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा असे घरची माय वर्षभर जे झाडून टाकते ते उकिरड्यात जाते, कुजते आणि मृग लागायच्या आत गाड्या भरून शेतात पडते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे जुनी माणसे म्हणत. आपल्या उकिरड्याचा पांग तर दर उन्हाळ्यात फिटतो. जमिनीचे जमिनीला परत, असा तो चोख व्यवहार आहे.

शहराचा उकिरडा वेगळा. त्यात कुजणारे आणि न कुजणारे एकत्र, म्हणून तो धड कुजत नाही. नुसता धुमसतो. आणि मुख्य म्हणजे तो शहरात राहत नाही. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, टेम्पोत, डंपरमध्ये बसून तो आपल्या शिवारात येतो.

कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडा. नगरपालिकेची हद्द संपल्याची पाटी दिसली की तिथूनच ढीग सुरू होतात. चिकनच्या दुकानातली पिसे आणि आतडी, मंगल कार्यालयातल्या पत्रावळी आणि पाण्याचे ग्लास, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, गॅरेजचे काळे तेल, कधी सुया आणि सलाईनच्या नळ्याही. टाकायची जागा ठरलेली. गायरान, नाल्याचा काठ, पाझर तलावाचा सांडवा, नाही तर पडीक पडलेला एखाद्याचा धुरा. पहिल्या पावसात हे सगळे नाल्यात उतरते आणि नाल्यातून विहिरीत. आठमाही पाण्याची ती विहीर, तिच्यावर गुरे आणि माणसे दोन्ही जगायची. गाय चरायला जाते आणि खरकट्यासकट पिशवी गिळते. ढिगावर पोसलेली कुत्री रात्री शेळ्यांवर पडतात. उन्हाळ्यात कोणीतरी काडी लावतो आणि ठिणगी वाऱ्यावर कडब्याच्या गंजीपर्यंत येते. गंजी जळाली तर पंचनामा होतो, त्यात लिहितात, ‘अज्ञात कारणाने आग’. कारण अज्ञात नसते. त्याला गाडी असते, गाडीला नंबर असतो आणि नंबराला मालक असतो.

हे का होते? शहराची माणसे वाईट आणि गावची चांगली, असे भाबडे उत्तर आम्ही देणार नाही. उत्तर साधे आहे. कचरा जिरवायला पैसा लागतो. वेगळा करायला मजूर लागतात, खत करायला जागा आणि यंत्र लागते, उरलेला पुरायला खाली अस्तर घातलेला खड्डा लागतो. आपल्या शिवारात ओतायला मात्र फक्त डिझेल लागते. ज्या मालाला भाव नाही तो माल नासला जातो, हे कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याला शिकवायला नको. आज आपल्या जमिनीला, पाण्याला आणि हवेला टाकणाऱ्याच्या हिशेबात भाव शून्य आहे. ज्या शहराला आमचा माल स्वस्तात हवा, त्याला आमची जमीन फुकटात हवी. एका हाताने लूट, दुसऱ्या हाताने उकिरडा. या शून्याच्या जागी आकडा बसवल्याशिवाय गाड्या थांबणार नाहीत.

आकडा कसा बसतो, हे मराठवाड्याने पाहिले आहे.

छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद. या शहराने तीस वर्षांहून अधिक काळ आपला कचरा नारेगावला नेऊन टाकला. रोजचा सुमारे ४०० टन. ना वेगळा केलेला, ना प्रक्रिया केलेला. नुसता ओतलेला. मांडकी, गोपाळपूर आणि भोवतालच्या गावांनी निवेदने देऊन पाहिली. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांनी गाड्या अडवल्या. महापालिकेने मुदत मागितली, गावकऱ्यांनी ती दिली. मुदत सरली, ढीग होता तिथेच राहिला. मग १६ फेब्रुवारी २०१८ रोजी गावकरी पुन्हा रस्त्यावर बसले आणि या वेळी उठले नाहीत. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावात कचरा टाकायला मनाई केली.

पुढे काय झाले ते लक्षात ठेवा. कचरा शहराच्या चौकाचौकांत साचला. ज्यांना तीस वर्षे वास आला नाही त्यांना तो तीस दिवसांत आला. एरवी ज्या कामाला पैसा नव्हता, जागा नव्हती, माणसे नव्हती, त्याच्या बैठकांवर बैठका सुरू झाल्या. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रे करायचे ठरले आणि पुढच्या काही वर्षांत ती उभीही राहिली. म्हणजे हे काम होण्याजोगे होते. नारेगाव फुकट होते तोवर ते झाले नाही, इतकेच.

पण त्याच गोष्टीचे दुसरे पान कडू आहे आणि तेही वाचले पाहिजे. नारेगाव बंद झाल्याबरोबर गाड्या शहाण्या झाल्या नाहीत. त्या दुसरी जागा शोधत निघाल्या. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिट्यात लोकांनी गाड्या अडवल्या. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, घरांत शिरून लोकांना मारले. विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावे लागले. पण ज्यांची डोकी फुटली त्यांची फुटलीच. एका गावाने गाड्या अडवल्या की शेजारच्या गावावर संक्रांत. आम्हाला या लढ्यात सगळ्यात मोठा धोका हाच दिसतो. प्रशासनाला वाटाघाटी करायची गरजच पडत नाही, फक्त कमकुवत सरपंचाचे पुढचे गाव शोधावे लागते. म्हणून आमची पहिली अट अशी की, ‘आमच्या गावात नको’ हे वाक्य कोणी एकट्याने बोलायचे नाही. बोलायचे तर ‘कोणाच्याच गावात नको’ असे बोलायचे. शेजारच्या गायरानाकडे बोट दाखवून सुटका करून घेणारा सरपंच हा कंत्राटदाराचाच माणूस समजावा.

पुण्याचेही तेच. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी १९८० च्या दशकापासून पुण्याचा कचरा पोटात घेतला. विहिरींचे पाणी नासले आणि बागायत करणाऱ्या गावांना प्यायला टँकर आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि कित्येक दिवस पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. पुणे हे शिकलेल्यांचे शहर. ओला आणि सुका वेगळा करायला त्यालाही गावकऱ्यांनी रस्त्यावर बसावे लागले.

आता कायद्याकडे बघू. कायदा नाही असे कोणी सांगितले तर त्याला खोटे ठरवायला कागद पुष्कळ आहेत. घनकचऱ्याचे नियम केंद्राने २००० साली केले, २०१६ साली नव्याने केले, २०२६ साली पुन्हा नवे आणले. कचरा घरातच वेगळा करा, उघड्यावर ओतू नका, हे तेव्हापासून लिहिलेले आहे. २०१६ च्या नियमांत कचरा पुरण्याची जागा कुठे असावी याचे मापही दिले होते. नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. विमानाला २० किलोमीटर आणि आमच्या विहिरीला २०० मीटर! ढिगावरची घार विमानाला धडकू नये याची काळजी झाली, ढिगाखालचे पाणी माणसाच्या घशात जाऊ नये याची तेवढी झाली नाही. आणि हे तोकडे २०० मीटरही किती ठिकाणी मोजले गेले? टेप घेऊन आपणच मोजायला हवे.

गायरानाचेही तसेच. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमाने गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नाही. गावाच्या सामाईक जमिनी वाचवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावले. तरीही ‘सार्वजनिक प्रयोजन’ असा शिक्का मारला की गायरान शहराच्या कचऱ्याला मिळते. या सार्वजनिकात गाय येत नाही, गुराखी येत नाही आणि भूमिहीनाची शेळीही येत नाही. ही जनता नेमकी कुठली?

आणि पैशाचे काय? राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि घनकचरा यांची विल्हेवाट नीट न लावल्याबद्दल महाराष्ट्र सरकारला १२,००० कोटी रुपये बाजूला काढून ठेवायला सांगितले. म्हणजे घाणीला किंमत लावता येते. ती कोटींत होते, हेही लवादाने दाखवून दिले. आमचा सवाल एवढाच की, ढिगाला लागून ज्याची विहीर आहे त्याचे नाव या हिशेबात कोणत्या ओळीत आहे?

आता शहरवाल्यांचे तीन सवाल येतात. तिन्हींना उत्तरे द्यायला शिका.

पहिला सवाल, ‘मग आम्ही कचरा टाकायचा कुठे?’ शहराच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास तरी ओला, कुजणारा माल असतो. तो घरातच वेगळा ठेवला तर वॉर्डातल्या वॉर्डात त्याचे खत होते. सुक्यातला कागद, पत्रा, प्लास्टिक भंगारवाला पैसे देऊन नेतो. मग बाहेर न्यायला उरते थोडे. सगळे एकत्र कालवले की मात्र सोन्याची माती होते आणि माती टाकायला गाव लागते.

दुसरा सवाल, ‘तुम्हाला फुकट खत मिळते, मग ओरडता कशाला?’ हा सवाल गोड आहे, म्हणून जास्त घातक आहे. शहरी कचऱ्याच्या खताला सरकारने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असे नावही दिले. चांगले खत आम्हाला हवेच आहे. आपल्या मुरमाड, हलक्या रानांना सेंद्रिय खताची भूक आहे. पण कालवलेल्या कचऱ्याचे खत आणि वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे खत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कालवलेल्यात बॅटरीचे सेल येतात, रंगाचे डबे येतात, त्यातले शिसे आणि कॅडमियम खतात उतरते. काच आणि प्लास्टिकचे तुकडे येतात ते वेगळेच. खत नियंत्रण आदेशात या धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. तेव्हा तपासणीचा अहवाल दाखवा, वाचून दाखवा, मग ट्रॉली रिकामी करा. बियाण्याच्या पिशवीवर आम्ही लेबल वाचतो, खताच्या ट्रॉलीवर का नाही?

तिसरा सवाल, ‘तुमच्या गावात तरी कुठे स्वच्छता आहे?’ याचे उत्तर आकड्यात देऊ. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपये असे माप ठरले. २,००० वस्तीचे गाव धरा. १ लाख २० हजार रुपये, तेही एकदाच. एवढ्यात गावाने खड्डे खणायचे, गाडी घ्यायची, माणूस ठेवायचा. आणि त्याच गावाने शेजारच्या शहराचा डंपर आला तर तोही उचलायचा? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांत ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून दिला, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. आपल्या ग्रामपंचायतीत तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. शहराला हिशेब मागणाऱ्याच्या घरचा हिशेब चोख हवा.

घरच्या हिशेबाचे आणखी एक कलम आहे आणि ते थेट कापसाच्या भावाशी भिडते. जिनिंगवर गाडी लागली की ग्रेडर मूठभर कापूस उचलून प्लास्टिकचा धागा शोधतो. सापडला की भाव खाली. याला नुसते नाडवणे म्हणून चालणार नाही. त्यामागे खरे कारण आहे. खताच्या पोत्याचा धागा कापसात गेला की सूतगिरणीत त्याचे बारीक तुकडे होतात, ते सुतात मिसळतात आणि रंग धरत नाहीत. रंगवलेल्या थानावर पांढरे डाग उमटतात. थान परत आले की तोटा गिरणीवरून जिनवर, जिनवरून व्यापाऱ्यावर आणि शेवटी आपल्यावर. भारताच्या कापसाला परदेशी बाजारात कचऱ्याचा बट्टा आहे तो यामुळेही. तेव्हा वेचणी सुती कापडात, युरियाच्या पोत्यात नाही. धुऱ्यावर गुटख्याची पुडी नाही. पऱ्हाटीत अडकलेली, डेपोवरून उडत आलेली पिशवी वेचणीआधी काढलेली बरी. पण ती काढण्याची मजुरी कोणी द्यायची? वेचणाऱ्या बाईचा तो वेळ फुकटचा नाही. ढिगाच्या मालकाच्या बिलात हे कलमही धरायला हवे.

औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचेही तसेच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा, असे लिहिले आहे. पण प्रत्यक्षात नफा कंपनीचा, बाटली शेतकऱ्याची आणि विष त्याच्या मुलाबाळांच्या विहिरीत. ज्या कृषी केंद्रातून बाटली विकली, त्याच केंद्रात ती परत घ्यायची सोय कंपनीने करायला हवी.

एक गोष्ट बजावून सांगतो. घंटागाडीचा चालक आणि कचरा उचलणारा सफाई कामगार हा आपला शत्रू नाही. त्याच्या अंगाला हात लावणारा माणूस आंदोलनातला नाही. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो, त्याच्या धुरात जगतात ते शहरातले गरीबच, त्यांतले कितीतरी आपल्याच दुष्काळी भागांतून पोट भरायला गेलेले. भांडण गाडी हाकणाऱ्याशी नाही, गाडी पाठवणाऱ्याशी आहे. मिटमिट्याने हेही शिकवले की पहिला दगड पडला की कचऱ्याची गोष्ट मागे पडते आणि गुन्ह्याची गोष्ट सुरू होते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत. गावोगावी वाचावेत, ग्रामसभेत मांडावेत.

१. गायरान, नाला, तलाव यांत बाहेरचा कचरा पडू देणार नाही आणि शेजारच्या गावातही पडू देणार नाही, असा ठराव तालुक्यातल्या सर्व ग्रामसभांनी एकाच दिवशी करावा. एकाच दिवशी, म्हणजे कमकुवत गाव शोधायला जागा उरणार नाही.

२. दर गावात पाळीने रात्रीची राखण ठेवावी. गाडी अडवावी, मारहाण नाही. नंबर, वेळ, फोटो घ्यावा. सकाळी ग्रामसेवक आणि तलाठी यांच्याकडून पंचनामा करून घ्यावा. अर्ज तहसीलदार, नगरपालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिघांकडे द्यावा आणि पोचपावतीशिवाय परत येऊ नये.

३. जिथे पूर्वीपासून ढीग आहे तिथे नगरपालिकेने भाडे द्यावे. टनामागे ठरलेली रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात, विहिरींची वर्षातून दोनदा तपासणी, पाणी नासले तर नळाचे पाणी, आणि ढीग उपसायची लेखी तारीख. तारीख चुकली तर भाडे दुप्पट.

४. बाजार समिती आपल्या मालावर फी घेते. आवारातला आणि आठवडी बाजारातला कचरा त्या फीतून उचलला जावा. तो बाजारगावाच्या शिवारात जाता कामा नये.

५. तपासणी अहवालाशिवाय शहरी खताची ट्रॉली शिवारात घेऊ नये.

६. गावाने आपला उकिरडा आणि आपले प्लास्टिक वेगळे करावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने कर वेळेवर भरणाऱ्याला दळण मोफत दिले आणि त्या कराच्या बळावर गाव स्वच्छ ठेवले. कर भरणाऱ्या गावाचा सरपंच नगराध्यक्षासमोर ताठ बसतो.

मायबहिणींना वेगळे सांगायची गरज नाही. नासलेल्या विहिरीमुळे दूरचे पाणी वाहायचे ते त्यांनाच, धुराने खोकणारे पोर सांभाळायचे तेही त्यांनाच. म्हणून राखणीच्या समितीत निम्म्या बाया असाव्यात आणि भाड्याच्या वाटाघाटीलाही त्या बसाव्यात.

शहराशी आमचे वैर नाही. आमचा कापूस त्याच्या अंगावर आहे, आमची भाकरी त्याच्या ताटात आहे. पण ताटात जेवायचे आणि खरकटे वाढणाऱ्याच्या अंगणात टाकायचे, ही रीत कोणत्याच घरात चालत नाही. यापुढे ज्याला आमच्या शिवारात काही ठेवायचे असेल, त्याने आधी विचारावे, भाव ठरवावा, पैसे मोजावेत. आणि आम्ही नाही म्हटले तर ट्रॉली फिरवून न्यावी.